मध्यरात्रीचा नेम

एखादा चित्रपट कल्ट ठरतो तो त्याच्या कथेमुळे कमी आणि त्याच्या प्रेक्षकांमुळे जास्त. भयपट, संगीतपट, वेस्टर्न, अगदी सपशेल फसलेला मेलोड्रामा, यांतले काहीही कल्ट होऊ शकते. त्यासाठी मोजकीच माणसे पुरतात, पण ती पुन्हा पुन्हा येणारी हवीत: तोच चित्रपट, बहुधा तेच थिएटर, तीच वेळ, वर्षानुवर्षे. येण्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही, न येण्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. माणूस एखादी गोष्ट कशाच्या बळावर धरून ठेवतो, हा इच्छाशक्तीच्या मानसशास्त्रातला मूळ प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करायला हे चाहते फार चांगले निमित्त देतात. प्रयोगशाळेत इच्छाशक्ती मिनिटांत मोजतात. इथे ती दशकांत मोजावी लागते.

मध्यरात्रीच्या खेळांची प्रथा रुजली ती न्यूयॉर्कमध्ये. एल्जिन या थिएटरचा चालक बेन बॅरनहोल्त्झ याने डिसेंबर १९७० मध्ये आलेहांद्रो होदोरोव्स्कीचा ‘एल टोपो’ रात्री बाराला लावला. जाहिरात जवळजवळ नव्हतीच. पाहून गेलेल्यांनी इतरांना सांगितले, आणि हा विचित्र, रक्तरंजित, गूढ वेस्टर्न पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत चालला. खरा इतिहास मात्र घडवला ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ने. रिचर्ड ओब्रायनच्या रंगमंचीय संगीतिकेवरून जिम शार्मनने केलेला हा चित्रपट १९७५ मध्ये आला आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पडला. १ एप्रिल १९७६ पासून ग्रेनिच व्हिलेजमधल्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री लागू लागला. काही महिन्यांतच तेच ते प्रेक्षक दर आठवड्याला परतू लागले, आणि पडद्यावरच्या पात्रांना मोठ्याने उत्तरे देऊ लागले.

या खेळात प्रेक्षक काय करतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला पडद्यावर लग्न लागते तेव्हा सभागृहात तांदूळ उडतात. साखरपुडा झालेले जोडपे गाडी बंद पडल्याने पावसात चालू लागते. नायिका डोक्यावर वर्तमानपत्र धरते, तसे शेकडो प्रेक्षकही धरतात, आणि मागच्या रांगांतून पाण्याच्या पिचकाऱ्या सुरू होतात. पडद्यासमोर चाहत्यांचीच एक मंडळी, टिम करी आणि इतर नटांसारखी वेशभूषा करून, चित्रपटाच्या जोडीने अख्खी भूमिका हावभावांसह वठवते. तिला ‘शॅडो कास्ट’ म्हणतात. पहिल्यांदा आलेल्याच्या चेहऱ्यावर लिपस्टिकने ‘व्ही’ काढायचा, त्याला सर्वांसमोर उभे करायचे, थोडी थट्टा करायची आणि मग आपल्यात घ्यायचे, हाही रिवाजाचाच भाग. कोणत्या वाक्यावर काय ओरडायचे हे पाठ असावे लागते. नवा माणूस चार-पाच खेपांत ते शिकतो, आणि शिकण्यासाठीच पुन्हा येतो.

यात थक्क करणारी गोष्ट अशी की ही मेहनत आहे, आणि करणाऱ्यांना ती मेहनत वाटत नाही. मानसशास्त्राच्या प्रचलित समजुतीत हे सहज बसत नाही. विल्यम जेम्सने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथात इच्छाशक्तीचे स्वरूप सांगताना थंडीतल्या सकाळचे उदाहरण घेतले होते: खोलीत शेकोटी नाही, अंथरूण सोडवत नाही, आणि माणूस स्वतःशी झगडतो आहे. जेम्सचे निरीक्षण असे की बहुतेकदा झगड्याचा निकाल लागतच नाही. दुसराच काही विचार मनात येतो, झगडा विसरला जातो, आणि माणूस उठून बसलेला असतो. लक्ष कुठे जाते यावर पुढचे सगळे ठरते, असे त्याचे म्हणणे होते. इतकी नेमकी गोष्ट पुढे कित्येक दशके मागे पडली.

तिची जागा घेतली ती साठ्याच्या कल्पनेने. रॉय बाउमायस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग विख्यात आहे. एक वेळचे जेवण टाळून आलेल्या विद्यार्थ्यांना ताज्या भाजलेल्या चॉकलेट कुकीजचा वास भरलेल्या खोलीत बसवले. काहींना कुकीज खायला दिल्या, काहींना समोर कुकीज ठेवून फक्त मुळे खायला सांगितले. नंतर सर्वांना कोडी दिली, जी सुटणारी नव्हतीच. कुकीज खाल्लेले विद्यार्थी सुमारे १९ मिनिटे झटले, मुळे खाल्लेल्यांनी सुमारे ८ मिनिटांत हात टेकले. निष्कर्ष असा की निग्रहाचा साठा मर्यादित असतो, तो वापरला की उणा होतो. स्नायू थकावा तशी इच्छाशक्ती थकते, ही उपमा संशोधकांनी स्वतःच वापरली, आणि ती लोकांच्या इतकी पचनी पडली की पुढे व्यवस्थापनापासून आहारशास्त्रापर्यंत सर्वत्र तिच्या आधारे सल्ले दिले जाऊ लागले.

२०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर, आधी ठरवून जाहीर केलेल्या एकाच पद्धतीने हा परिणाम तपासला, तेव्हा तो शून्याच्या जवळपास निघाला. बाउमायस्टरने त्या चाचणीत वापरलेल्या कामावर आक्षेप घेतला आणि वाद अजून मिटलेला नाही. पण साठ्याची कल्पना पूर्वीसारखी निर्विवाद राहिली नाही हे नक्की. त्याआधीच, २०१० मध्ये, व्हेरोनिका योब, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी दाखवले होते की इच्छाशक्ती संपते असे मानणाऱ्यांचीच कामगिरी अवघड कामानंतर घसरते; तसे न मानणाऱ्यांची घसरत नाही. मराठी वाचकाला विशेष वाटावा असा निष्कर्ष कृष्णा सवानी आणि योब यांच्या २०१७ च्या अभ्यासाचा आहे. अवघड मानसिक काम केल्यानंतर त्यांच्या अभ्यासातले भारतीय पुढचे काम अधिक चांगले करत होते, आणि मनाला कष्ट दिले की मन ताजेतवाने होते अशी त्यांची धारणा होती. एकादशीचा उपवास किंवा पहाटेचे पारायण यांच्या सहवासात वाढलेल्यांना याचे फार आश्चर्य वाटणार नाही.

मग चाहत्याचा नेम टिकतो कसा? याचे अधिक चांगले उत्तर दुसऱ्या दोन अभ्यासांतून मिळते. पेटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक काम दिले: नाताळची संध्याकाळ कशी गेली याचा वृत्तान्त ४८ तासांच्या आत लिहायचा. ज्यांनी नेमके कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवले होते, त्यांच्यापैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांनी ते पुरे केले. ज्यांनी तसे ठरवले नव्हते त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांशांनीच. काम करण्याची इच्छा दोन्ही गटांत होती. दुसरा अभ्यास विल्हेल्म होफमन आणि सहकाऱ्यांचा, २०१२ चा. व्ह्युर्त्सबुर्ग परिसरातल्या २०५ प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा फोनवरून विचारले गेले की या क्षणी कसली इच्छा होते आहे आणि तुम्ही तिला आवर घालत आहात का. आत्मसंयमात वरचढ असलेले लोक मोहांशी सर्वांत जास्त झुंजत असतील, अशी अपेक्षा कुणीही केली असती. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला अशी झुंज कमी येत होती. त्यांची दिनचर्याच अशी होती की मोह फारसे आडवे येत नसत.

‘रॉकी हॉरर’चा चाहता नेमका याच बाजूने उभा आहे. शनिवार, रात्री बारा, अमुक थिएटर, तमुक रांग: कधी आणि कुठे हा प्रश्नच उरत नाही. पिशवीत तांदूळ, वर्तमानपत्र, पिचकारी आधीच भरलेली असते. शॅडो कास्टमध्ये त्याची एक भूमिका असते, आणि तो आला नाही तर ती मोकळी राहते. दर आठवड्याला जावे की न जावे यावर त्याला स्वतःशी झगडावेच लागत नाही. जेम्सच्या गोठलेल्या खोलीतला माणूस एकटा होता, याकडे इथे लक्ष द्यायला हवे. इच्छाशक्तीवरच्या चर्चेत माणूस नेहमीच असा एकटा, बंद खोलीत, मोहासमोर बसवलेला असतो, आणि चर्चेतली ही मोठी उणीव आहे. टिकून राहिलेल्या निग्रहाची मुळे पुष्कळदा माणसाच्या मनाबाहेर, वेळापत्रकात आणि सोबत्यांत सापडतात.

चित्रपट बनवणाऱ्याच्या चिकाटीलाही हे लागू पडते. डेव्हिड लिंचचा ‘इरेझरहेड’ १९७७ मध्ये मध्यरात्रीच्या प्रेक्षकांपर्यंत पोचला, पण त्याचे चित्रीकरण सुरू झाले होते १९७२ मध्ये. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या तबेल्यांत सेट उभा होता. पैसे संपले की काम थांबे. लिंचने वर्तमानपत्रे टाकण्याचे काम धरले आणि काही काळ तो सेटवरच राहिला. लिंचची सहकारी कॅथरीन कोल्सन हॉटेलात वेट्रेस म्हणून राबून मिळालेल्या कमाईतले पैसे यात घालत असे. तिचा तेव्हाचा पती जॅक नान्स नायक होता, आणि त्याने ते उभे राहिलेले विलक्षण केस वर्षानुवर्षे तसेच ठेवले, कारण पुढचा शॉट कधी लागेल याचा नेम नव्हता. एका प्रसंगात नायक दाराची मूठ फिरवतो आणि आत येतो. या दोन शॉटमध्ये सुमारे दीड वर्ष गेले, असे लिंचने सांगितले आहे. याला एका प्रतिभावंताची पोलादी इच्छाशक्ती म्हणणे सोपे आहे, आणि लिंचचा ध्यास अलौकिक होता यात शंका नाही. पण रात्रीच काम करायचे, तीच चार-पाच माणसे, तोच तबेला, आणि अर्धवट चित्रपटासाठी केस राखणारा मित्र, एवढे नसते तर तो ध्यास कुठवर पुरला असता हे सांगणे कठीण आहे.

काही कल्ट चित्रपट मुळात पाहायलाच त्रासदायक असतात. टॉमी वायझोने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला, निर्माण केलेला आणि स्वतःच नायक म्हणून केलेला ‘द रूम’ २००३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लागला. सुमारे ६० लाख डॉलरच्या या चित्रपटाने पहिल्या दोन आठवड्यांत १,८०० डॉलरच्या आसपास गल्ला केला. वायझोच्या चेहऱ्याचा जाहिरातफलक मात्र हॉलिवूडमध्ये पाचेक वर्षे तसाच उभा होता. संवाद तुटक, उपकथानके अर्ध्यात सोडलेली, आणि दिवाणखान्यात चौकटीत चमच्याचे छायाचित्र. ते छायाचित्र दिसले की आजही प्रेक्षक पडद्याकडे प्लास्टिकचे चमचे भिरकावतात.

वाईट चित्रपट मुद्दाम पुन्हा पाहण्यामागे काय असावे? इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांच्या १९५९ च्या प्रयोगात एका चर्चामंडळात प्रवेश मिळवण्यासाठी काही तरुणींना पुरुष संशोधकासमोर लाजिरवाणे शब्द मोठ्याने वाचावे लागले. नंतर त्यांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवली होती. अवघड परीक्षा दिलेल्यांना ती चर्चा आणि त्यातली माणसे इतरांपेक्षा अधिक रंजक वाटली. सोसलेले फुकट गेले असे मानायला मन तयार नसते. तरी ‘द रूम’च्या चाहत्यांना हे पूर्ण लागू होत नाही, कारण चित्रपट चांगला आहे असे त्यांना कधीच वाटत नाही. प्रिय होते ती सोबत बसून सोसणारी मंडळी, आणि त्यापायी दीड तासाहून लांबलेला हा चित्रपट ती माणसे विसाव्यांदाही आनंदाने पाहतात.

हा नेम कधी माणसाला धरून ठेवू लागतो, हाही प्रश्न आहे. कॅनडातील रॉबर्ट व्हॅलरँड याने २००३ मध्ये छंदाच्या ओढीचे दोन प्रकार मांडले: आयुष्यातल्या इतर गोष्टींशी जुळवून घेणारी ओढ आणि पछाडणारी ओढ. बर्फाळ रस्त्यांवरून भर हिवाळ्यातही सायकल चालवत राहिलेल्या क्यूबेकच्या सायकलस्वारांत दुसऱ्या प्रकारची ओढ अधिक आढळली. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांची चिकाटी कौतुकास्पदच वाटली असती. फरक कळतो तो थांबण्याची वेळ आल्यावर. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या क्लिंटन स्ट्रीट थिएटरात ‘रॉकी हॉरर’ एप्रिल १९७८ पासून दर आठवड्याला लागतो. २०२० च्या टाळेबंदीत खेळ बंद पडायची पाळी आली तेव्हा तिथला एक कर्मचारी शनिवारी रात्री रिकाम्या सभागृहात तो चित्रपट एकटाच लावत राहिला, जेणेकरून चार दशकांची परंपरा तुटू नये. याला पछाडणे म्हणावे की निष्ठा? तो ज्यांच्यासाठी हे करत होता ती माणसे परतणार होती, हे लक्षात घेतले तर निष्ठेचेच पारडे जड वाटते.

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चे वेगळे घडले. हा चित्रपट पडलेला वगैरे नव्हता, प्रचंड लोकप्रिय होता. पण २० ऑक्टोबर १९९५ पासून एकाच पडद्यावर चालत राहिल्याने त्याच्याभोवतीही असाच नेम तयार झाला. सकाळी साडेअकराचा खेळ, स्वस्त तिकीट, समोर रेल्वे स्थानक आणि एसटीचा डेपो, गाडीला अवकाश असलेले प्रवासी, आणि त्यांच्यात मिसळलेले संवाद पाठ असणारे लोक. फेब्रुवारी २०१५ मध्ये, हजाराहून अधिक आठवड्यांनंतर, खेळ थांबवण्याचे ठरले आणि लोकांच्या आग्रहाने काही दिवसांतच तो पुन्हा लागला. मार्च २०२० मध्ये मात्र तो खरोखरच बंद पडला, आणि पोर्टलंडसारखे रिकाम्या सभागृहात कुणी तो चालवला नाही.

सवय कशी जडते याचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. एखादी कृती आपोआप होऊ लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले, कुणाला याहून कितीतरी कमी, कुणाला कितीतरी जास्त; आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. मराठा मंदिरात तर महिनोन्महिने गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये थिएटर उघडले तेव्हा तोच चित्रपट पुन्हा लागला, आणि ठिकाण व पडदा तेच असल्याने जुन्या चाहत्यांना परत येण्यासाठी नव्याने काही ठरवावे लागले नाही.