सोडविलेले मूल कोणाचे?

बुडणाऱ्या माणसास आपण हात देऊन वर काढले, तर त्याजवर आपला काही हक्क उत्पन्न होतो काय? विचारताच आपण सर्व जण "नाही" असे म्हणू. परंतु आपल्या वर्तनाकडे पाहिले असता उत्तर निराळे दिसते. पाऊस सरला म्हणजे आमच्या शिरगाव-पालघर भागातील पाड्यांवर शहरांतून, क्वचित परदेशांतूनही, सेवाभावी मंडळी येतात. औषधे व वह्या आणतात, मुलांत मिसळतात, पुष्कळ चांगले करतात. पुढे एखादे मूल त्यांच्या साह्याने शिकते, आणि त्यांच्या मनाप्रमाणे वागत नाही, तेव्हा "ह्याच्याकरिता इतके केले, आणि हे फळ!" असे उद्गार निघतात. ते केवळ पाहुण्यांच्याच तोंडून निघतात असेही नाही. आपल्या मंडळ्यांतील वडील माणसे ते पाहुण्यांपूर्वी काढतात.

आफ्रिकेतील मुलांची सेवा म्हटले की ती गोऱ्या मिशनऱ्यांची, दूर देशची गोष्ट, असे आपणांस वाटते. पण तिचा एक मोठा अध्याय महाराष्ट्रात घडला. सातपाटीच्या होड्या ज्या समुद्रात जातात त्याच समुद्रातून, दीडशे वर्षांपूर्वी, आफ्रिकेची मुले गुलाम म्हणून गलबतांत कोंबून नेली जात. इंग्रजी आरमाराने अशी गलबते धरली म्हणजे त्यांतील पुष्कळ मुलांस मुंबईस उतरवीत. त्यांपैकी कित्येकांस चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे आश्रय दिला. १८६० च्या सुमारास तेथे त्यांच्याकरिता आश्रम चालू झाला. रे. विल्यम प्राइस हे त्या कामाचे प्रमुख. मुले वाचावयास शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली. त्यांस नवी नावे मिळाली : जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर.

त्या मुलांची इच्छा कोणी विचारली होती काय? बहुधा नाही. तरी ह्याबद्दल प्राइससाहेबांस आज दोष देणे फार सोपे आहे, आणि आमच्या मते न्यायाचे नाही. ज्याचे गाव उद्ध्वस्त झाले, आईबाप मेले किंवा विकले गेले, त्यास परत कोठे पाठवावे? पोटाशी धरणे हेच त्या घटकेचे कर्तव्य होते. कठीण प्रश्न त्यानंतरचा आहे : मूल मोठे झाल्यावर ते कोणाचे?

१८७२ साली वेनराइट व शरणपूरचे दुसरे काही तरुण डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या साह्यार्थ झांझिबारहून आफ्रिकेच्या अंतर्भागात पाठविले गेले. त्यांच्या आधी आलेल्या नाशिकच्या मुलांविषयी डॉक्टरसाहेबांनी आपल्या रोजनिशीत आळशी म्हणून कडक शब्द लिहिले होते. १८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी त्यांचा अंत झाला. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले, वेनराइटने प्रार्थना वाचली, आणि शव वाळवून हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत ते समुद्राकडे निघाले. वाटेत कॅमरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. शव इथेच पुरा, असे त्याने सुचविले. त्यांनी ऐकले नाही.

दुसरा प्रसंग ह्याहून गंभीर आहे. विल्यम जोन्स शरणपुराहून आफ्रिकेत परतला व १८८५ साली बिशप हॅनिंग्टन ह्यांच्या हस्ते त्याचा दीक्षाविधी झाला. मोम्बासाजवळ रबई येथील मंडळी त्याच्याकडे होती. धन्यांपासून पळालेले गुलाम तेथे येत. त्यांस थारा देऊ नये, असे मिशनच्या वरिष्ठांचे धोरण होते. देशाचा कायदा धन्यांच्या बाजूस होता आणि त्यांच्या हल्ल्याची भीतीही खरी होती. जोन्सने थारा दिला. १८८८ साली प्रकरण इतके पेटले की अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीने धन्यांस मोबदला देऊन सुमारे १,४०० माणसे मोकळी केली.

जोन्सने वरिष्ठांचे मन मोडले; म्हणून तो कृतघ्न ठरतो काय? स्वतः गलबतातून सुटलेल्या माणसाने पळून आलेल्यास दारातून परत लोटले असते, तर शरणपूरचे सर्व शिक्षण व्यर्थ गेले असते. पळून आलेल्या दासास त्याच्या धन्याच्या हाती देऊ नये, ही आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. ती त्यास आपल्याच शाळेने शिकविली होती. अनेसिमाला पौलाने परत पाठविले, असे कोणी म्हणेल. खरे, पण दास म्हणून नव्हे, बंधू म्हणून ठेवून घ्यावे, अशा पत्रासह. आणि चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसास उतारशाळेत नेले, पैसे भरले व तो आपल्या वाटेने गेला. त्याने त्या मनुष्यास शोमरोनास नेले नाही, इकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

उपकाराने माणूस जगतो, आणि उपकारानेच तो मिंधाही होतो. उपकार करणाऱ्याच्या सुखाकरिता मूल मिंधे ठेवले, तर गलबतावरील साखळीच्या जागी मऊ दोरी आली एवढेच. आमच्या उत्तरेस कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी दुसरी रीत घालून दिली. बोर्डीस १९४५ साली आरंभिलेले त्यांचे काम १९५७ साली कोसबाडला गेले. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी. ते गुरांमागे जाते, तर कुरणावर न्यावी. त्या बाया मिशनरी नव्हत्या. पण मुलास त्याच्या माणसांपासून न तोडता कसे शिकवावे, हे आपण त्यांच्यापासून शिकावयास हरकत नाही.

आपल्या वसतिगृहांत मुलांकडून देणगीदारांस आभाराची पत्रे लिहवून घेण्याची चाल आहे. मजकूर फळ्यावर लिहिलेला असतो, मुले तो उतरवितात. ह्या संबंधाने विकतानीची हकीकत सांगण्याजोगी आहे. गुलामगिरीतून सुटलेला हा मुलगा लिव्हिंग्स्टनसाहेबांनी मुंबईस आणून डॉ. विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविला होता. १८६६ साली तो त्यांच्याबरोबर न्यासा सरोवराजवळ पोहोचला, तेथे त्यास आपल्या नातलगांचा शोध लागला, आणि मी येथेच राहतो असे तो म्हणाला. डॉक्टरसाहेबांस ते आवडले नाही. तरी त्यांनी त्यास कापड दिले, एक बंदूक दिली, लिहावयास कोरा कागद दिला, आणि जाऊ दिले.