कायदा आणि करुणा

न्याय आणि करुणा ही परस्परविरोधी तत्त्वे आहेत काय, या सनातन प्रश्नाचे एक सौम्य उत्तर मला १९७५ ते १९८२ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर चाललेल्या ‘बार्नी मिलर’ या विनोदी मालिकेत गवसले. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधील पोलीस ठाण्याच्या एकाच जुनाट दालनात बहुतेक सारे घडते. फिर्यादी आणि आरोपी आपापली व्यथा घेऊन तेथे येतात, आणि कॅप्टन मिलर, कायद्याचा अंमलदार असूनही, प्रत्येकाची कैफियत शांतपणे ऐकून घेतो. कायदा कृत्याची नोंद करतो, करुणा कर्त्याला ओळखते; आणि ज्याच्या ठायी ही दोन्ही एकत्र नांदतात, त्याच्याच हातून घडलेला न्याय मनुष्यत्वाला शोभतो, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.