ओरडत नाही म्हणून दुखत नाही?

फ्रिजवर एका उडीत जाणारा बोका हल्ली खुर्चीपर्यंतच चढतो. कुणी आलं की पायात घोटाळणारी मांजरी पलंगाखाली बसून राहते, उचलायला गेलं की फिस्कारते. आपण म्हणतो, वय झालं, स्वभाव बदलला. कारण सापडलं की काळजी संपते. मला वाटतं, आपली चूक इथेच होते. यातलं बरंचसं दुखणं असतं.

अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. त्यांतल्या 90 मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. एक्स-रेतली प्रत्येक झीज दुखतेच असं नाही, पण इतक्या मांजरांना काहीच जाणवत नसेल, हे पटत नाही. कुत्रा लंगडतो, म्हणून आपल्याला कळतं. मांजराची झीज बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते, त्यामुळे ते लंगडत नाही. उडी मारायचंच सोडून देतं. त्याचे पूर्वज एकटे शिकार करणारे, आणि स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होणारे. दुखणं दाखवून त्यांना मदत मिळणार नव्हती, उलट जिवाला धोका होता.

आणि आपण तर आवाज ऐकल्याशिवाय वेदना मान्यच करत नाही. कधीकधी तर आवाज ऐकूनही मान्य करत नाही, आणि हे फक्त जनावरांच्या बाबतीत झालेलं नाही. नवजात बाळाला वेदना फारशी जाणवत नाही, अशा समजुतीनं 1980च्या दशकापर्यंत कित्येक तान्ह्या बाळांवर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत असत. डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेला अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला आणि ही समजूत ढासळू लागली. बाळं तर रडत होती. तरीही त्यांचं कुणी खरं मानलं नव्हतं. मग न रडणाऱ्या मांजराचं काय होणार?

त्याचं बोलणं चेहऱ्यात असतं. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 साली ते वाचायची एक मोजपट्टी दिली. कान एकमेकांपासून दूर होऊन बाहेर वळलेत का, डोळे आवळलेत का, नाकातोंडाचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. प्रत्येक खुणेला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. बेरीज चार किंवा अधिक झाली, तर वेदनाशामक देण्याचा विचार करावा. मात्र मांजर जागं आणि निवांत असताना पाहायचं. झोपलेलं, खाताना किंवा अंग चाटताना नाही. घुरघुरीवर विसंबू नये, कारण मांजर दुखत असतानाही घुरघुरतं.

बाकीचं रोजच्या वागण्यात दिसतं. पाठीवरचे केस गुंतू लागले, तर वाकून चाटणं त्याला जड जात असेल. एकाच जागी सारखं चाटत असेल, तर तिथे दुखत असेल. खाणं एका बाजूनं चावत असेल, तोंडातून पाडत असेल, तर दात दाखवावेत. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, पण लघवी होत नसेल, तर बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो. रात्र असली तरी त्याला त्याच वेळी दवाखान्यात न्यावं.

दवाखान्याच्या टेबलावर मांजर भीतीनं आक्रसतं, तिथे ही लक्षणं झाकली जातात. म्हणून घरातलं चालणं, चढणं, बसणं यांचे छोटे व्हिडिओ मोबाइलवर काढून डॉक्टरांना दाखवा. आणि कितीही कळवळा आला तरी घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. ते औषध पचवून निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.