निष्कारण खुडलेलं पान

चातुर्मास चालू होता. हुबळीत आठवडाभर पावसाची झड. दहावीतल्या माझ्या पुतणीनं शाळेच्या प्रयोगासाठी वाटीत जोंधळे पेरले होते. कोंब वर आले तसं तिनं काहींच्या शेंड्यांना चंदेरी कागदाच्या टोप्या घातल्या, आणि वर एका बाजूला भोक पाडलेलं खोकं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर मोकळे कोंब भोकाकडे मान करून उभे. टोपीवाले मात्र सरळ.

मी म्हटलं, "बघ, उजेडाची किती ओढ! एकेंद्रिय असला तरी जीवच तो."

"ओढबिढ काही नाही काकू, ऑक्झिन आहे ते."

मग तिनं मला शिकवलं. उजेड कळतो शेंड्याला, वाकतो मात्र खालचा भाग. १८८० साली डार्विन बाप-लेकांनी गवताच्या कोंबांवर अशाच टोप्या घालून हे दाखवलं. शेंड्यातून ऑक्झिन नावाचं वाढीचं द्रव्य खाली उतरतं आणि उजेडाची बाजू सोडून सावलीच्या बाजूला जास्त जमतं. तिथल्या पेशी जास्त लांबतात, म्हणून कोंब उजेडाकडे झुकतो. म्हणजे वाढते ती अंधारातली बाजू! पुढं हॉलंडमधल्या वेंट यांनी शेंडे कापून अगरच्या तुकड्यावर ठेवले आणि मग तोच तुकडा शेंडा नसलेल्या कोंबावर एका कडेला बसवला. कोंब काळोखातसुद्धा वाकला.

"शेंडा नाही, उजेड नाही, तरी वाकला. मग कुठली इच्छा आणि कुठला जीव?"

मी गप्प झाले. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारी मी. माझ्या नेमाखालची जमीनच कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं.

रात्री विचार करताना माझीच गोळी आठवली. थायरॉईडची गोळी चार दिवस चुकली की मी मरगळते, चिडते. तेही हार्मोनच. म्हणून ती मरगळ माझी नाही, असं कुणी म्हणेल का? एखादी गोष्ट कशी घडते ते कळलं, म्हणून ती ज्याच्यात घडते तो नाहीसा होत नाही. आणि आपल्या शास्त्रानं तरी झाडाला मन आहे असं कुठं म्हटलंय? एकेंद्रिय जीव असंज्ञी, मनाविनाच मानलाय. दया त्याच्या हुशारीसाठी नव्हतीच.

पण खरी बोच वेगळी होती. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टळत नाही. भाकरी खायची तर जोंधळा दळावाच लागतो. शेवंतीचा शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोर धरतात, त्यालाही काही कारण आहे. म्हणून श्रावकाला अनर्थदंडाचं व्रत सांगितलंय. विनाकारण झाडपाला तोडणं हा त्यातलाच प्रमाद. आणि मला सवय काय? फोनवर बोलता बोलता अंगणातल्या जास्वंदीची पानं खुडून चुरगळायची. कांदा-बटाटा सोडल्याचं मी चारचौघींत सांगते. या पानांचा हिशेब कधी ठेवला नाही.

सकाळी पुतणी वाटी कचऱ्यात टाकायला निघाली. मी ती घेतली आणि कोंब नळाजवळ लावले. ती हसली. "जगणार नाहीत काकू."

नसतील जगत. पण फोन आला की आता मी हात पदरात गुंडाळून बसते. अजूनही कधीकधी हात जातोच.