तिरका घाव

केंब्रिजला राहणाऱ्या मुलाने त्या वर्षी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. हिवाळा सरता सरता वडिलांना, म्हणजे तात्यांना, इंग्लंडला आणायचं, आणि ते इथे असतानाच गावच्या डोंगरउताराचा सोक्षमोक्ष लावायचा. संगमेश्वराकडची वरकस जमीन, तिच्यावर ऐन, किंजळ आणि कुंभ्याची जुनी झाडं. भाताच्या राबासाठी पूर्वी तिथली कवळं तोडली जात. आता भात लावतोय कोण? एका ठेकेदाराने सगळा उतार साफ करून, जेसीबीने खोडं मुळासकट काढून काजू लावून द्यायची तयारी दाखवली होती. पावसाआधी काम पुरं. तात्यांची सही तेवढी बाकी होती.

तात्यांना ते पटत नव्हतं. पण का पटत नाही, हे मुलाला पटेल अशा शब्दांत त्यांना सांगता येत नव्हतं. "झाडं चांगली आहेत रे," एवढंच ते म्हणत. चांगली झाडं म्हणजे उत्पन्न नव्हे, असं मुलगा म्हणे, आणि त्याचंही चुकत नव्हतं. दर वर्षी वणव्याची भीती, राखण करायला माणूस नाही, हातात पैसा नाही. काजू निदान काही देईल.

मार्चमधल्या एका शनिवारी तो वडिलांना आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन ब्रॅडफील्ड वुड्सला गेला. सफोक परगण्यात, बरी सेंट एडमंड्सच्या जवळ हे जंगल आहे. तात्यांना त्याला खरं जंगल दाखवायचं होतं, शेकडो वर्षं जपलेलं. पाऊण तास गाडी चालवताना तो त्याबद्दल भरभरून बोलत होता. माणसाने जंगलात हात घातला नाही की ते कसं टिकतं, हे तात्यांनी बघावं, असं त्याला वाटत होतं.

आत शिरून थोडं चाललं नाही तोच नात जागच्या जागी थांबली. समोर मैदानच होतं. एका मोठ्या तुकड्यातली जवळपास सगळी झाडं गुडघ्याच्याही खाली कापलेली. मधे मधे चार-दोन ओक तेवढे उभे. बाजूला लाकडांच्या रांगा, काटक्यांचे ढीग. चिखलात कापल्याचा भुसा पडलेला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "यांनी मारली सगळी," ती म्हणाली. बापाचाही चेहरा उतरला. संरक्षित जंगलात हे असं? कुणाकडे तरी तक्रार करायला हवी, असं तो पुटपुटला.

तात्या मात्र पुढे गेले. थंडीने आखडलेले गुडघे टेकून ते एका खोडाजवळ बसले आणि हातमोजा काढून त्यांनी कापावरून बोटं फिरवली. काप जमिनीलगत होता. तिरका होता, बाहेरच्या अंगाला उतरता, पावसाचं पाणी खोडावर साचू नये असा. साल कुठेही सोललेली नव्हती. त्यांनी दुसरं खोड पाहिलं, तिसरं पाहिलं.

"रडू नकोस," ते नातीला म्हणाले. "हा मारणाऱ्याचा घाव नाही. ज्याला परत यायचंय, त्याचा आहे."

पलीकडे साठीची एक बाई काटक्यांची वई घालत होती. हे जंगल सांभाळणाऱ्या सफोक वाइल्डलाइफ ट्रस्टची ती स्वयंसेविका. मुलाने जरा घुश्शातच तिला विचारलं. असे प्रश्न तिला नवे नसावेत. हातातलं काम ठेवून ती नीट सांगू लागली आणि मुलगा वडिलांसाठी मराठीत सांगत गेला.

या जंगलातल्या तोडीच्या नोंदी 1252 पासून मिळतात. (ज्ञानेश्वरी लिहिली गेली 1290 मध्ये. त्याआधी अडतीस वर्षं.) तेव्हा हे बरीच्या मठाच्या मालकीचं होतं. पुढे मठ गेला, राजे बदलले, पण तोडायची पद्धत तीच राहिली. जंगलाचे तुकडे पाडायचे आणि दर हिवाळ्यात थोडेच तोडायचे. तोडलेला तुकडा वीस-पंचवीस वर्षं सोडून द्यायचा. हेझल लवकर तयार होतं, ॲशला वेळ लागतो. सरळ, लांब लाकडांसाठी मधले ओक वाढू द्यायचे. वईपासून दाताळ्याच्या दांड्यापर्यंत सगळं इथूनच निघे. सरपण तर आजही निघतं.

"आमच्याकडे याला कूप म्हणतात," तात्या म्हणाले. वनखात्याच्या तोडीचे कूप त्यांनी तरुणपणी पाहिले होते.

बाई त्यांना एका खोडापाशी घेऊन गेली. खरं तर त्याला एक खोड म्हणणं कठीण. ॲशच्या बुंध्यांचं मोठं कडं होतं ते. मधला भाग कधीच कुजून गेलेला, आणि कडेकडेने फुटवे धरत झाड बाहेर बाहेर पसरलेलं. इथली अशी काही खोडं हजार वर्षांच्या आसपासची मानली जातात. न तोडलेला ॲश साधारण दोनशे वर्षांत म्हातारा होऊन पडतो. तोडलेला मात्र पुन्हा पुन्हा तरुण होतो, कारण वर किती कापलं तरी खाली मूळ तेच असतं.

नातीला हे पटायला वेळ लागला, आणि लागायलाच हवा. नऊ वर्षांच्या मुलीने झाडाची बाजू घेतली होती, ती इतक्यात सोडायची कशाला? मग बाईने तिला चालवतच नेलं. पहिला तुकडा मागच्या हिवाळ्यात तोडलेला. खोडांवर तिच्या डोक्याच्या वर गेलेले धुमारे, बोटाएवढे जाड. त्यापुढचा चार-पाच वर्षांपूर्वीचा, इतका दाट की आत शिरायलाही वाट नाही. असल्या दाटीत नाइटिंगेल घरटं करतो आणि डॉर्माउस नावाचा लहानसा उंदरासारखा जीव हनीसकलच्या सालीचं घर बांधतो. आणि शेवटी तोडीला आलेला तुकडा. उंच सरळ काठ्या, हेझलचे पिवळे तुरे लोंबकळलेले, पण खाली सावलीत जमीन बरीचशी उघडी. फुलांना ऊन हवं असतं. तोड झाली की दुसऱ्या वसंतात ऑक्सलिप, ॲनिमोन आणि इतर कितीतरी फुलं उसळून येतात, झाडं वाढली की पुन्हा मागे सरतात आणि पुढच्या तोडीची वाट बघतात. अर्ध्या तासाच्या चालण्यात त्या मुलीने जंगलाची पंचवीस वर्षं पाहिली.

"मग हात लावला नाही तर?" मुलाने विचारलं. गाडीत तो जे बोलला होता, ते त्याच्या मनात असावं.

तर जंगल राहील, बाई म्हणाली, पण हे राहणार नाही. सगळीकडे एकसारखी सावली होईल. आणि नुसतं तोडलं म्हणूनही भागत नाही. हरणं कोवळे धुमारे खाऊन टाकतात, म्हणून ही वई. जुन्या काळी गुरं आत येऊ नयेत म्हणून जंगलाभोवती चर खणून बांध घातलेला असे, तो अजून दिसतो. शिवाय 2012 मध्ये ब्रिटनमध्ये ॲशचा बुरशीचा रोग आढळला. त्याने किती जुनी झाडं जातील, हे तिलाही सांगता येईना. हे बोलताना तिचा आवाज बदलला, आणि भाषा न कळताही तात्यांनी मान हलवली.

जंगलाच्या कडेला ते आले तेव्हा समोर शेत होतं. गव्हाची हिरवी रोपं, सरळ ओळी. देखणंच होतं. इथलं जंगल पूर्वी बरंच मोठं होतं, बाईने सांगितलं. 1960 च्या दशकात त्याचा मोठा भाग शेतीसाठी काढून टाकला. यंत्रं आणून खोडं मुळासकट उपटली. उरलेलंही त्याच वाटेने जायचं, पण लोकांनी आवाज उठवला आणि 1970 मध्ये ते निसर्गरक्षणासाठी विकत घेतलं गेलं.

"सातशे वर्षं तोडत होते, तोवर काही बिघडलं नाही," तात्या हळूच म्हणाले. "उपटायला किती दिवस लागले?"

मुलाने हा प्रश्न इंग्रजीत केलाच नाही. तो शेताकडे बघत उभा राहिला.

मग तात्या खूप बोलले. गाडीतही बोलले. ऐनाची कवळं तोडताना शेंडा राखायचा, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. एका वर्षी तोडलेल्या झाडाला पुढच्या वर्षी हात लावायचा नाही. कोयता वरून खाली मारला तर साल फाटते, म्हणून खालून वर तिरका मारायचा. हे सगळं इतकी वर्षं त्यांच्या हातात होतं. मुलापुढे मांडायचा मुद्दा म्हणून ते त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्या बाईने आपला टोक वळलेला कोयता त्यांच्या हातात दिला, तेव्हा कुठे ते बोलू लागले.

"काजूला माझा विरोध नाही," ते म्हणाले. "खालच्या सपाटीला लाव की. तिथे नुसता कातळ आणि गवत आहे. खड्डे मारून माती भर. पण उतारावरची मुळं काढलीस, तर पहिल्याच पावसात माती वहाळात जाईल. ती परत आणायची कुठून?"

मुलगा हिशेबी माणूस होता, आणि यात वाईट काही नाही. जंगलही हिशेबावरच टिकतं, हे त्याने आत्ताच पाहिलं होतं. घरी पोचल्यावर त्याने कागद घेतला. उताराचे बारा तुकडे पाडले तर वर्षाला एक. सरपण किती निघेल, मेढी आणि वासे किती, वणव्यासाठी जाळरेषा कुठे काढायची. काजूइतके पैसे होत नव्हते. त्याने आकडे दोनदा मांडले, तरी होत नव्हते. मग त्याने ठेकेदाराला फोन लावला आणि उताराचं काम नको, सपाटीचा दर सांगा, असं विचारलं.

खरी अडचण त्यानंतर निघाली.

"पण बाबा, तोडणार कोण? तुम्ही तर आता झाडावर चढणार नाही. वाडीत ज्याला हे नीट येतं, असं कोण उरलंय?"

तात्यांनी बराच विचार केला. एक नाव सांगितलं. तो माणूस मुंबईला मुलाकडे असतो, शिमग्याला आणि गणपतीला येतो. दुसरं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाले, त्याचे गुडघे गेलेत.

"मग त्याचा काय उपयोग?"

"त्याला झाडाखाली खुर्ची टाकून दे," तात्या म्हणाले. "वाडीतली दोन पोरं समोर उभी कर आणि दिवसाचा रोज त्यालाही दे. शिकवायला गुडघे लागत नाहीत."

मुलाने दोन्ही नावं कागदावर लिहून घेतली आणि त्यांचे फोन नंबर कुणाकडे मिळतील, ते विचारलं.