बंद दारामागचे चौतीस स्वरमेळ

हर्मन मेलव्हिलच्या ‘बिली बड’ या लघुकादंबरीत खून आहे, खटला आहे, फाशी आहे आणि हे सगळं लेखक अगदी जवळून दाखवतो. पण गोष्टीचा जीव ज्या प्रसंगात आहे, तिथे पोचल्यावर तो दार लावून घेतो आणि वाचकाला बाहेरच उभं करतो.

साल 1797. फ्रान्सशी युद्ध चालू आहे आणि त्याच वर्षी स्पिटहेड व नोअर इथे इंग्रज आरमाराच्या खलाशांनी बंड केलेलं असल्यामुळे प्रत्येक अधिकारी धास्तावलेला आहे. एकवीस वर्षांचा बिली ‘राइट्स ऑफ मॅन’ या व्यापारी जहाजावरून सक्तीने उचलून युद्धनौकेवर आणला जातो. देखणा, निर्मळ, सगळ्यांचा लाडका पोरगा. उणीव एकच, मन खवळलं की जीभ अडखळते. जहाजावर शिस्त राखणारा क्लॅगार्ट या पोराचा निष्कारण द्वेष करतो आणि कप्तान व्हीरसमोर त्याच्यावर बंडाच्या कटाचा आळ घेतो. बिलीला उत्तर द्यायचं असतं, पण शब्द फुटत नाही; हात उठतो. एकाच ठोशात क्लॅगार्ट गतप्राण होतो. बिली निष्पाप आहे हे व्हीरला पक्कं कळतं, आणि तरीही युद्धकाळातल्या कायद्याप्रमाणे याला फाशीच, हेही तोच अधिकाऱ्यांना पटवून देतो.

शिक्षा सांगायला मग व्हीर स्वतः बिलीकडे जातो. दोघंच. इथवर हा निवेदक भलता बोलका आहे. नेल्सनच्या शौर्याबद्दल बोलता बोलता वाट सोडून तो पानंच्या पानं भटकून आलेला आहे. इथे मात्र तो म्हणतो की आत काय झालं ते कुणालाच कळलं नाही. फार तर अंदाज करता येतो: व्हीरने काही लपवलं नसावं, कदाचित अब्राहमने इसाकला धरावं तसं बिलीला उराशी धरलं असावं. बस, इतकंच. मग व्हीर बाहेर येतो आणि समोर आलेल्या अधिकाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावर अशी यातना दिसते की शिक्षा ऐकणाऱ्यापेक्षा ती सुनावणाऱ्यालाच जास्त भोगावी लागली असावी.

हे दार का बंद? वाचकाची उत्कंठा ताणायला नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. या गोष्टीत शब्दांनी तीन वेळा घात केलेला आहे. क्लॅगार्टच्या तोंडी ते खोटे होते. बिलीच्या तोंडून ते निघालेच नाहीत. आणि अदालतीत व्हीरचे शब्द इतके बिनतोड होते की एका निरपराध माणसाचा जीव गेला. एवढं झाल्यावर मेलव्हिलने त्या खोलीत कुणाच्या तोंडी काय घालावं? बिलीने क्षमा केली असती तर आपण सुस्कारा सोडून मोकळे झालो असतो; तो चिडला असता तर व्हीरला दोषी ठरवून मोकळे झालो असतो. व्हीरने एक वाक्य जरी उच्चारलं असतं, तरी ते सबब तरी झालं असतं नाहीतर याचना. लिहिलेला कुठलाही संवाद खोलीतल्या खऱ्या घटनेहून लहानच ठरला असता.

न्यूयॉर्कच्या जकात खात्यातली नोकरी सोडल्यावर मेलव्हिलने हे लिहायला घेतलं. आधी फाशीच्या आदल्या रात्री बेड्यांत पडलेल्या खलाशाची एक कविता होती. तिची प्रस्तावना वाढत वाढत ही गोष्ट झाली. 1891 मध्ये तो वारला तेव्हा हस्तलिखित अपुरंच होतं. ते 1919 मध्ये सापडलं आणि 1924 मध्ये छापलं गेलं.

त्यावर ऑपेरा करायचं बेंजामिन ब्रिटनने ठरवलं, तेव्हा हे बंद दार त्याच्यापुढेही उभं राहिलं. ऑपेरा म्हणजे गाणारं नाटक, आणि अशी जागा द्वंद्वगीतासाठी हात पसरून उभी असते. व्हीरसाठी पीटर पिअर्सचा टेनर होता, बिलीसाठी थिओडर अपमनचा बॅरिटोन. व्हर्डी असता तर त्याने इथे सगळं नाट्यगृह रडवलं असतं. 1 डिसेंबर 1951 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा व्हीर बिलीच्या खोलीत गेला आणि रंगमंचावर गाणारं कुणी उरलंच नाही. स्वतः ब्रिटनच्या हाताखाली वाद्यवृंद वाजवत राहिला: चौतीस स्वरमेळ, एकामागून एक, संथ. चाल नाही, ताल जाणवत नाही. प्रत्येक स्वरमेळ साधा, संगीत शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी भेटणारा. प्रत्येकात एफ, ए, सी यांपैकी एक तरी स्वर आहे. एफला षड्ज मानलं तर आपले सा, ग, प. पण शेजारी शेजारी आलेल्या दोन स्वरमेळांचं नातं आधी ओळखता येत नाही. रंगही बदलत राहतो. आता पितळी वाद्यं, मग तंतुवाद्यं, मग लाकडी सुषिरं. कधी दणदणीत, कधी जेमतेम ऐकू येणारे. आत काहीतरी प्रचंड घडतंय हे कळतं, आणि काय ते कळत नाही. मेलव्हिलचं दार ब्रिटनने उघडलं नाही. त्याला कान लावायची सोय तेवढी केली.

शब्दांची संहिता ई. एम. फॉर्स्टर आणि एरिक क्रोझियर यांची. फॉर्स्टरला बंद जागा नव्या नव्हत्या. ‘अ पॅसेज टू इंडिया’मधल्या मराबारच्या गुहेत काय झालं हे त्याने कधीच सांगितलं नाही, आणि तीही कादंबरी 1924 चीच. (1921 मध्ये तो देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता. तिथल्या गोकुळाष्टमीतून त्या कादंबरीचा शेवटचा भाग उभा राहिला आणि त्यातल्या भजनात तुकारामांचं नाव आलं. मराठी वाचकाला हे ठाऊक असावं.)

मात्र दाराबाहेर संहितेने मोठी उलथापालथ केली आहे. मेलव्हिलचा व्हीर अदालतीत भरभरून बोलतो आणि कचरणाऱ्या अधिकाऱ्यांना शिक्षेकडे ओढत नेतो. याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंका जहाजावरच्या डॉक्टरलाही येते. ऑपेरात अधिकारी त्याला मार्ग दाखवायची विनवणी करतात आणि तो नकार देतो. कादंबरीत त्याचं बोलणं बिलीला मारतं, ऑपेरात त्याचं गप्प राहणं. हा बदल मला मोलाचा वाटतो. गाणाऱ्या माणसाने ऐन वेळी गायला नकार देणं हाच ऑपेरातला सर्वांत भीषण अपराध, आणि संहितेने तो व्हीरच्या माथी मारला आहे.

शेवट मात्र मला तितका पटत नाही. कादंबरीतला व्हीर लवकरच फ्रेंच जहाजाशी लढताना जखमी होऊन मरतो. मरताना बिलीचं नाव पुटपुटतो, आणि त्या स्वरात पश्चात्ताप नव्हता एवढंच लेखक नोंदवतो. ऑपेरातला व्हीर म्हातारा होईपर्यंत जगतो. मी त्याला वाचवू शकलो असतो, अशी कबुली देतो, आणि त्या मुलाच्या आशीर्वादाने आपण तरलो असंही सांगतो. फॉर्स्टरला कुणालाही तारल्यावाचून राहवत नसे. मेलव्हिलने व्हीरला ही सवलत दिली नव्हती. ब्रिटन त्या कबुलीखाली बंद खोलीतले स्वरमेळ पुन्हा आणतो, म्हणून ती ऐकवते. माणूस सुटकेची ग्वाही देत असतो तेव्हा वाद्यवृंद त्या ग्वाहीवर शिक्का मारत नाही. या जागी संगीतकार आपल्या संहितेपेक्षा मेलव्हिलशी अधिक इमान राखतो, असं मला वाटतं.