वारुळाचा कर्ता

रानात दिसलेले अनोळखी घरटे ओळखायचे, म्हणजे कार्यावरून कर्त्याचे अनुमान करायचे. बांधणारा आत दडलेला असतो किंवा केव्हाच निघून गेलेला असतो. घडण, माती, जागा, दाराची ठेवण एवढ्यावरून तो कोण हे ठरवावे लागते. भारतीय दर्शनांत ईश्वराच्या अस्तित्वावर शतकानुशतके जो वाद चालला, तो नेमक्या याच अनुमानाचा होता, आणि त्यात वारूळ दाखला म्हणून प्रत्यक्ष आले आहे.

नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, म्हणणे असे: घट हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो, पृथ्वी, अंकुर हीही कार्येच, तेव्हा त्यांनाही कर्ता हवा, आणि तो ईश्वर. कर्ता कोणाला म्हणावे हेही त्यांनी ठरवून दिले होते. ज्याला सामग्रीचे ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि जो त्यासाठी प्रयत्न करतो, तो कर्ता. यावर सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त वारूळ पुढे केले. घटासारखेच वारूळही मातीचे. मग मातीची वस्तू म्हणून तेही कुंभारानेच घडवले असे मानायचे काय? त्याचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. अनुमानच करू नये, असे तो म्हणत नाही. ज्या जातीची घडण कर्त्यामुळे होताना पाहिली आहे, त्याच जातीच्या घडणीवरून तसा कर्ता सिद्ध होतो; ‘घडण’ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पुढे नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरानुमानाची भक्कम मांडणी केली, तरी हा आक्षेप मिटला नाही.

रानातला अनुभव धर्मकीर्तीच्या बाजूने साक्ष देतो. सह्याद्रीच्या झाडीत फांदीला धरून गडद तपकिरी, खवल्याखवल्यांचा गोळा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते गांधीलमाश्यांचे पोळे वाटते. जवळून पाहिले की एकावर एक चढलेले पातळ थर दिसतात, पावसाचे पाणी बाहेरच ओघळून जावे अशा बेताने रचलेले. हे क्रेमॅटोगॅस्टर वंशाच्या मुंग्यांचे घर. डिवचल्यावर पोटाचा बदामाच्या आकाराचा टोकदार भाग पाठीवर उचलून धरण्याची त्यांची लकब एकदा पाहिली की खूण पटते. पुणे भागातल्या घाटांतील अशा घरट्याचे वर्णन कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना ते थर शेणाचे दिसले होते. घरटे आणि मुंगी यांचा संबंध अशा रीतीने कोणीतरी आधी पाहिला, म्हणून पुढच्याला नुसत्या घरट्यावरून मुंगी सांगता येते. पाहण्याचा आधार काढून घेतला तर तेच अनुमान गांधीलमाशीपाशी जाऊन थांबते.

याच गोळ्याला कधी वाटोळे भोक असते. ते मुंग्यांचे नव्हे. तांबूस सुतार पक्षी मुंग्यांच्या नांदत्या घरट्यातच पोखरून आपली अंडी घालतो. वस्तू एक, कर्ते दोन. जमिनीवरच्या वारुळात गोंधळ आणखी वाढतो. ते उभारते वाळवी. मुंग्या आणि साप तिथे मागाहून येतात, आणि मुंग्या दिसल्या म्हणून लोक ते मुंग्यांचे समजतात. रहिवासी म्हणजे कर्ता नव्हे. रामानुजाचार्यांनी ‘श्रीभाष्या’त याच्याशी जुळणारा आक्षेप घेतला आहे: पृथ्वी, समुद्र ही कार्ये असली तरी ती एकाच वेळी, एकाच कर्त्याने केली हे कशावरून? ते स्वतः परम ईश्वरभक्त होते, म्हणून या आक्षेपाला विशेष वजन आहे. ईश्वर शास्त्रावरून कळतो, अनुमानाने नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते.

हेतूचे अनुमानही असेच फसते. डायकॅमा वंशाच्या काही मुंग्या बिळाच्या तोंडाशी पिसे आणून ठेवतात. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते. कोरड्या दिवसांत पहाटे त्या पिसांवर दव साचते आणि मुंग्या ते पाणी टिपतात.

खरी अडचण कर्त्याच्या व्याख्येत आहे. कोकण-गोव्यात आंब्यावर हुमले नावाच्या मुंग्यांची घरटी असतात, जिवंत पाने जोडून शिवलेली. कामकरी मुंग्या साखळ्या करून पानांच्या कडा ओढून धरतात. दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या जबड्यात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने सांधली जातात. रेशीम देणाऱ्या अळीला घरट्याचे ज्ञान असणे शक्य नाही. अळीला करण, म्हणजे साधन, म्हणावे, कर्ता नव्हे, असे नैयायिक म्हणेल. पण अळी धरणाऱ्या मुंगीपाशीही अख्ख्या घरट्याचा आराखडा नसतो, आणि राणी हुकूम देत नाही. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी 1959 मध्ये वाळवीबाबत याची उकल मांडली: आधी झालेले कामच पुढच्या कामाला चालना देते. मातीची गोळी जिथे पडली, तिथेच पुढची पडण्याचा संभव वाढतो. प्रयत्न आहे, सुसंगत घडण आहे, संपूर्णाचे ज्ञान मात्र कोणापाशीच नाही.

नैयायिकाकडे याला उत्तर आहे. वारूळही वादातल्या पक्षातच, म्हणजे ज्यांचा कर्ता सिद्ध करायचा आहे त्या वस्तूंतच, मोडते, तेव्हा त्याचा दाखला देऊन व्यभिचार, म्हणजे नियमाला अपवाद, दाखवता येत नाही. मुंगीमागेही ईश्वराचे ज्ञान उभे आहे. तर्कशास्त्राच्या नियमांत हे उत्तर बसते. पण त्याची किंमत मोठी आहे, कारण कोणतेही विरुद्ध उदाहरण पक्षात ओढून घेता आले तर व्याप्ती, म्हणजे कार्य तिथे कर्ता हा नियम, कधीच तपासता येणार नाही. कार्याला कारण असते एवढे वारूळ निःसंशय सांगते. ते कारण एकच असते आणि जाणतेच असते, हे त्यावरून निघत नाही.

श्रद्धेचा व्यवहार मात्र या अनुमानावर उभा नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. तिथे वारूळ हा देवीचा पुरावा नसून तिचे रूप आहे. ते वाळवीने उभारले हे कळल्याने त्या पूजेचे काही बिघडत नाही, कारण त्या भक्तीने कर्त्याविषयी कोणतेही विधान केलेले नसते. धर्मकीर्तीचा आक्षेप लागतो तो न्यायदर्शनाच्या ईश्वराला, जो जगाच्या घडणीवरून सिद्ध करायचा होता.